ख्रिस्ती म्हणून नुसत्या वागण्यातून साक्ष कशी द्यायची?

तुम्ही विचारलंय की कंपनीत मी एकटाच ख्रिस्ती, धर्माचं बोलायला गेलं की लोक बिचकतात, मग नुसत्या वागण्यातून साक्ष कशी द्यायची, म्हणजे आपला विश्वास कसा दाखवायचा, आणि मधेच आपलीच चूक झाली की ढोंगी असल्यासारखं वाटतं त्याचं काय.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात छोटं मशिनशॉप आहे, फौंड्रीवाल्यांचं (धातू ओतून भाग बनवणाऱ्यांचं) जॉबवर्क करतो. माझ्याकडच्या पोरांत पण चर्चला जाणारा मी एकटाच, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे साक्ष द्यायची का नाही हे आपल्या हातात नसतंच ओ. हा ख्रिस्ती आहे एवढं कळलं की लोक बघायला लागतात. बायबलात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो, बोलणं, वागणं, प्रीती, विश्वास, शुद्धता यात विश्वासणाऱ्यांचा कित्ता हो (१ तीमथ्य ४:१२). कित्ता हा शब्द मला लय आवडतो, कारण शाळेत गुरुजी वर अक्षर काढून द्यायचे आणि खाली आपण गिरवायचं, वरचंच वाकडं असलं तर खालच्या सगळ्या ओळी वाकड्या.

माझ्याकडून असं वाकडं अक्षर निघालंय. एकदा एका लॉटमध्ये सहा-सात कास्टिंगचं (ओतीव भागांचं) बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठं झालं, भोक तपासायच्या प्लग गेजची जी नो-गो बाजू आत जायलाच नको ती सरळ आत जात होती. बोअर लहान असलं तर परत मशीनवर लावता येतं, मोठं झालं की पीस गेलाच. गाडी दारात उभी, मी हेल्परला म्हटलं, क्रेटमध्ये मधे घाल, वरनं चांगले ठेव. पोरगं काही बोललं नाही. आठवड्याभरानं त्यानंच एक खराब पीस तसाच मधे लपवला, मी ओरडलो, तर ते म्हणालं "मालक, त्या दिवशी तुम्हीच तर सांगितलं की." मला तिथं उभं राहवेना. रविवारी उपासनेत बसलो पण कानात तेच वाक्य.

सोमवारी त्याला सोबत घेऊन पार्टीकडं गेलो, मुद्दाम सोबत नेलं, कारण चूक त्याच्यासमोर केलेली. सगळं सांगितलं, पीस परत आणले, कास्टिंगचे पैसे बिलातनं कापून द्या म्हटलं. बायबलातल्या जक्कय जकातदारानं पण प्रभूसमोर नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही, फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला (लूक १९:८). ढोंगी वाटण्यावर मला तरी हाच इलाज माहिती आहे, ज्याच्या डोळ्यासमोर चुकलं त्याच्या डोळ्यासमोर निस्तरायचं, माफी मागायची, मग तो हाताखालचा का असेना.

आता तुम्ही म्हणाल मग लोकांना दाखवायचं का लपवायचं, कारण मत्तय ५:१६ मध्ये तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असं आहे आणि पुढच्याच अध्यायात लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. मी पण यात बरेच दिवस अडकलो होतो. पण ५:१६ पूर्ण वाचा, लोकांनी गौरव बापाचा करावा असं आहे, आपला नाही. वाहवा आपल्याला हवीशी वाटायला लागली की तिथंच थांबायचं.

आणि काम चोख पाहिजे हे विसरू नका. मिरजेला डॉ. वॉनलेसनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल काढलं, लांबलांबनं लोक यायचे ते आधी ऑपरेशन चांगलं होतं म्हणून. वेळेवर न येणाऱ्या, काम अर्धवट टाकणाऱ्या माणसानं ग्रुपवर रोज वचन टाकलं तर ते कोण वाचणार?

सणावाराचं पण सांगतो, तुम्हाला अडचण येणारच. खंडेनवमीला पोरं मशीनची पूजा करतात, मी पूजेला बसत नाही, हे पहिल्याच वर्षी प्रेमानं सांगून टाकलं, पण आदल्या दिवशी फडकं घेऊन त्यांच्याबरोबर मशीन मी पण पुसतो आणि पेढे माझ्याकडनं असतात. कोणाला कधी राग आला नाही.

त्या हेल्परला मी चर्चला चल असं अजून कधी म्हटलेलं नाही, त्यानं विचारलं तर सांगीन. पण आता पीस बिघडला की तो लाल खूण करून माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मागच्या महिन्यात दोन ठेवले होते, त्यातला एक माझ्या हातनं बिघडलेला.