ऊर्जा प्रकल्पांतले वैज्ञानिक वाद एकत्र बसून कसे सोडवावेत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : पवनऊर्जा प्रकल्पात वर्षाला सहा पक्षी मरतात, असं कंपनीचा अहवाल म्हणतो. विरोधकांचा तज्ज्ञ म्हणतो, चाळीस. दोघंही शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ आहेत. मग खोटं कोण बोलतंय?

उत्तर : बहुधा कोणीच नाही. सहा हा सापडलेल्या मृत पक्ष्यांचा आकडा असावा आणि चाळीस हा मेलेल्या पक्ष्यांचा अंदाज. या दोहोंमध्ये तीन ठिकाणी गळती होते. काही कलेवरं शोधपथक पोहोचण्याआधीच प्राणी-पक्षी उचलून नेतात. लहान पक्षी तर दोन-तीन दिवसांत नाहीसे होऊ शकतात. उरलेल्यांतली काही गवताझुडपांत असूनही दिसत नाहीत. आणि पक्षी जिथवर फेकले जातात, तो सगळा परिसर कोणी पिंजून काढत नाही. समजा, पुढच्या फेरीपर्यंत ४० टक्के कलेवरं टिकतात, असलेल्यांपैकी निम्मी नजरेस पडतात आणि ७५ टक्के पक्षी शोधक्षेत्रात पडतात. ०.४ × ०.५ × ०.७५ म्हणजे ०.१५. सहाला ०.१५ ने भागलं की येतात चाळीस.

म्हणजे भांडण आहे ते या तीन अपूर्णांकांवर, आणि ते तिन्ही मोजता येतात. मेलेले पक्षी मुद्दाम ठेवून, वर कॅमेरा लावून ते किती दिवस टिकतात हे पाहतात. शोधणाऱ्यांना न सांगता काही कलेवरं पेरून त्यांना किती सापडतात हेही तपासतात. या चाचण्या लहान आणि मोठ्या पक्ष्यांसाठी वेगळ्या, आणि प्रत्येक ऋतूत नव्याने व्हायला हव्यात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चाचणीसाठी मोठे पक्षी वापरणं. ते जास्त दिवस टिकतात, गवतात चटकन दिसतात, आणि मग लहान पक्ष्यांच्या मृत्यूंचा अंदाज खूपच कमी येतो. दुसरी गोष्ट, ‘शून्य सापडले’ याचा अर्थ ‘शून्य मेले’ असा होत नाही. शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच, त्यामुळे अशा वेळी अहवालात ‘जास्तीत जास्त इतके मेले असू शकतात’ ही वरची मर्यादा मागून घ्या.

दोन्ही तज्ज्ञांना एकाच टेबलाशी बसवून एक तक्ता भरायला सांगा : किती टर्बाइन तपासली, किती दिवसांच्या अंतराने फेऱ्या झाल्या, किती त्रिज्येपर्यंत, कोणत्या महिन्यांत, आणि हे तीन अपूर्णांक कुठून घेतले. तक्ता भरला की मतभेद दोन-तीन रकान्यांपुरता उरतो, आणि पुढचा अभ्यास नेमक्या त्याच रकान्यांवर करता येतो.

प्रश्न : संयुक्त तथ्यशोधन हा शब्द बैठकांत ऐकतो. प्रत्यक्षात सुरुवात कुठून करायची? पैसे कोण देणार? तज्ज्ञ कोण ठरवणार?

उत्तर : संयुक्त तथ्यशोधन म्हणजे वादातल्या सगळ्या बाजूंनी मिळून एकच अभ्यास ठरवणं आणि करून घेणं. त्याची सुरुवात तज्ज्ञांपासून करू नका, प्रश्नापासून करा. ‘प्रकल्प सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला कोणतंही यंत्र उत्तर देत नाही. ‘धरणातून सोडलेल्या पाण्याचं तापमान विणीच्या महिन्यांत खालच्या पाच किलोमीटरमध्ये माशांना मानवणाऱ्या पातळीत राहतं का?’ याला देतं. प्रश्न ठरवताना मासेमारी करणारे, शेतकरी, स्थानिक संस्था, कंपनी आणि परवाना देणारं खातं ही सगळी मंडळी हजर हवीत. कोणता महिना, कोणता मासा, नदीचा कोणता डोह, हे बरेचदा तिथल्या माणसांनाच माहीत असतं.

त्यानंतरचं पाऊल आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गाळलं जातं. मोजमाप सुरू होण्याआधी प्रत्येक पक्षाने लिहून द्यायचं, की कोणता निकाल आला तर आपण आपली भूमिका बदलू. कंपनी लिहील : तापमान अमुक अंशांच्या वर इतके दिवस गेलं तर आम्ही विसर्गाची वेळ बदलू. विरोधक लिहितील : ते तसं गेलं नाही तर हा मुद्दा आम्ही सोडून देऊ. कुणालाच काही लिहिता येत नसेल, तर तो अभ्यास करूच नका. पैसा जाईल, वाद तसाच राहील.

तज्ज्ञ निवडण्याची साधी रीत अशी : दोन्ही बाजूंनी पाच-सहा नावं द्यायची, गेल्या काही वर्षांत कोणाकडून मानधन घेतलं ते जाहीर करायचं, मग एकमेकांच्या यादीतली न पटणारी नावं खोडायची. उरलेल्यांतून गट बनतो. पैसा बहुतेक वेळा कंपनीच देते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र तो विद्यापीठासारख्या तिऱ्हाइताच्या खात्यात आगाऊ जमा हवा, आणि हप्ता काम पूर्ण झालं म्हणून सुटायला हवा, निकाल आवडला म्हणून नव्हे. स्थानिक गटांना स्वतःचा सल्लागार नेमता यावा म्हणून वेगळी रक्कम बाजूला ठेवा. नाहीतर बैठकीत एका बाजूला चार जलतज्ज्ञ आणि दुसऱ्या बाजूला कामावर खाडा करून आलेली माणसं, असं चित्र होतं.

अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने (केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने) जलविद्युत परवान्यांसाठी २००३ साली आणलेल्या पद्धतीत याचं एक बांधीव रूप सापडतं. अभ्यास मागणाऱ्याने त्याच्या निकालाचा परवान्याच्या अटी ठरवताना काय उपयोग होईल हे आधी सांगायचं. कोणता अभ्यास व्हावा यावर रीतसर तंटा झाला, तर तीन जणांचं पॅनेल बसतं : एक आयोगाचा, एक तंटा मांडणाऱ्या खात्याचा, आणि तिसरा या दोघांनी मिळून निवडलेला त्या विषयाचा तटस्थ जाणकार. पहिल्या दोघांचा त्या परवान्याच्या कामात सहभाग नसावा, अशी अट आहे. पॅनेलने ५० दिवसांत मत द्यायचं, संचालकाने ७० दिवसांत निर्णय. तारखा बांधलेल्या असल्यामुळे ‘अजून अभ्यास चालू आहे’ म्हणत कोणालाच ताणून धरता येत नाही. मर्यादा एवढीच, की हा तंटा अटी घालण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्यांनाच मांडता येतो. सामान्य नागरिकांना नाही.

प्रश्न : गॅसच्या विहिरींमुळे आमच्या भूजलात मिथेन आला, असा संशय आहे. कंपनी म्हणते तो आधीपासूनच होता. आता हे सिद्ध कसं करायचं?

उत्तर : खोदकामाआधीचे नमुने असतील तर काम निम्म्याने हलकं होतं. नसतील तर जे होऊ शकतं ते अमेरिकेत वायोमिंगमधल्या पॅव्हिलियन इथे दिसलं. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथे दोन खोल निरीक्षण विहिरी घेतल्या आणि डिसेंबर २०११ मध्ये मसुदा अहवाल काढला. लगेच आक्षेप सुरू झाले : विहिरी कशा बांधल्या, बांधकामातल्या साहित्यातूनच रसायनं आली का, नमुने पुरेसे होते का. पुढच्या वर्षी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने फेरतपासणी केली, तेव्हा एका विहिरीला पाणीच इतकं कमी, की तिचा नमुना घेता आला नाही. २०१३ मध्ये संस्थेने तपास राज्याकडे सोपवला आणि मसुदा कधीच अंतिम झाला नाही. विहिरीची जागा, खोली, केसिंग (विहिरीत बसवलेली नळी) आणि तिच्याभोवतीचं सिमेंट यांवर सगळ्यांच्या सह्या आधी झाल्या असत्या, तर यातल्या बऱ्याच आक्षेपांना जागा उरली नसती.

तुम्ही नमुने घ्याल तेव्हा पंप इतका वेळ चालवा, की पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल. सर्वसाधारणपणे विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढतात आणि तापमान, सामू व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच बाटली भरतात. मिथेनसाठी बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. वायू उडून गेला की आकडा खोटाच कमी येतो. प्रत्येक वेळी एकाच प्रवाहातून दोन संच भरा, एक त्यांच्या प्रयोगशाळेला, एक तुमच्या. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही न सांगता पाठवा. कोऱ्या बाटलीत काही सापडलं तर दोष नमुना घेण्यात किंवा प्रयोगशाळेत आहे. बाटली कोणाच्या हातून कोणाकडे, किती वाजता गेली, याचा कागद सहीनिशी ठेवा.

मिथेन कुठला, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) आणि सोबतच्या इथेन-प्रोपेनवरून बरंचसं ओळखू येतं. जिवाणूंनी तयार केलेल्या वायूत कार्बन-१३ या जड कार्बनचं मूल्य (ठरावीक प्रमाण नमुन्याच्या तुलनेत) साधारण उणे ६० प्रति हजारच्याही खाली असतं आणि इथेन नावालाच. खोल खडकात उष्णतेने बनलेल्या वायूत हे मूल्य साधारणपणे उणे ५० च्या वर असतं आणि इथेन चांगलं मोजण्याइतकं. मधल्या पट्ट्यात मात्र मिश्रण असू शकतं. शिवाय खोल वायू नैसर्गिक भेगांतूनही वर येतो. म्हणून निव्वळ समस्थानिकांवर खटला उभा करू नका. जवळच्या गॅसविहिरींच्या केसिंगबाहेरचा दाब आणि सिमेंटच्या नोंदी मागा.

प्रश्न : कंपनी म्हणते, भूगर्भाचं संगणकावरचं मॉडेल व्यापारी गुपित आहे. मग काय करायचं?

उत्तर : काही भाग खरोखर असू शकतो. तटस्थ तज्ज्ञाने गोपनीयतेच्या करारावर सही करून मॉडेल स्वतः चालवावं आणि तुम्ही सुचवलेली गृहीतकं घालून आलेले निकाल सर्वांना सांगावेत. एवढ्यालाही नकार असेल, तर त्या मॉडेलवर कोणताही निर्णय आधारू नये, असं बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

प्रश्न : अभ्यास होऊनही खात्रीचं उत्तर आलं नाही, तर? प्रकल्प थांबवायचा की पुढे न्यायचा?

उत्तर : अनिश्चितता उरतेच. अशा वेळी टप्प्याटप्प्याने पुढे जायचं आणि थांबण्याचे आकडे आधी ठरवायचे. हे आकडे ठरवताना परिणाम उशिरा दिसतो, हे विसरू नका. स्वित्झर्लंडमध्ये बासेल इथे भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेपासून ऊर्जा मिळवणाऱ्या) प्रकल्पासाठी खोल खडकात पाणी दाबताना भूकंपांसाठी इशाऱ्याची पातळीवार पद्धत होती. डिसेंबर २००६ मध्ये धक्के वाढले तसं पाणी दाबणं थांबवलं. तरी त्यानंतर काही तासांतच ३.४ तीव्रतेचा धक्का बसला, आणि पुढच्या दोन महिन्यांत ३ पेक्षा मोठे आणखी तीन. २००९ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तिथे नियम होता आणि तो पाळलाही गेला, पण खडकात शिरलेला दाब पंप बंद केल्याक्षणी उतरत नाही. म्हणून थांबण्याची पातळी आपल्याला खरोखर टाळायच्या असलेल्या धक्क्याच्या बरीच खाली ठेवावी लागते.

करारात हेही लिहा, की तो आकडा कोण मोजणार, किती वेळात जाहीर करणार, आणि ओलांडल्यावर बैठक न बोलावता आपोआप काय बंद होणार. बैठकीवर सोडलं की चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

प्रश्न : अशा प्रक्रियेत सहभागी होऊ नये, अशी वेळ कधी असते?

उत्तर : निर्णय आधीच झाला असेल आणि तुमची सही फक्त सहमती दाखवायला हवी असेल, तेव्हा. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने या निकालाचा विचार करीन असं लेखी दिलं नसेल, तेव्हाही. आणि वाद मुळात विज्ञानाचा नसेल तर अजिबात नाही. पूर्वजांची दफनभूमी पाण्याखाली जाणार असेल, तर तिथली माती किती वेळा तपासली याने काही ठरत नाही. तो प्रश्न हक्कांचा आहे आणि तो तसाच मांडायला हवा. सहभागी झालात तर न्यायालयात जाण्याचा आपला हक्क अबाधित राहील, हे वाक्य करारात घाला, आणि अपिलाची मुदत अभ्यास चालू असताना संपणार नाही ना, हे पहिल्या बैठकीआधी वकिलाकडून तपासून घ्या.