काडेपेटीतला सोनकिडा

नाशिक, रविवार दुपार

पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी रविवार कारंज्यावर भाजी घेत होते, वाऱ्याने छत्री उलटी झालेली, आणि तू एका दमात दोन बातम्या सांगितल्यास. मालिकेत नायिकेच्या धाकट्या नणंदेचं काम मिळतंय आणि दुसरीकडून मुलांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन. "ताई, कुठलं घेऊ?" मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर विचार तिथेच झाला होता, पण तो भाजीवाल्यासमोर सांगण्यासारखा नव्हता. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर अंगठा दाखवून तू मोकळी झाली असतीस, म्हणून हे पत्र.

मुलांचा कार्यक्रम घे. पण तू सांगितलेल्या कारणासाठी नको. "ते सोपं आहे ताई, समोर मुलंच तर असतात. चेहरा ओळखीचा होईल, मग मोठं काम मिळेल." हे कारण मला पटलेलं नाही. आधी 'सोपं'चं बघू.

मी एका वाहिनीवर मुलांचा कार्यक्रम करायचे हे तुला माहीत आहे. दिवसाला चार भाग उरकायचे. एका भागात मुलांनी घरून आवडीची वस्तू आणायची होती. कुणी बाहुली आणली, कुणी बॅट, एकीने आजीचा चष्मा. सिन्नरकडचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा काडेपेटी घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, केस तेलाने चप्प बसवलेले. मी विचारलं, "तू काय आणलंस रे?" त्याने काडेपेटी अर्धी सरकवली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि थांबला. कुठून सुरुवात करावी ते ठरवत असणार. कॅमेऱ्याच्या बाजूला फ्लोअर मॅनेजर हवेत बोट गरगरा फिरवत होता, आटप, आटप. मी काडेपेटीत डोकावले आणि किंचाळले, "अगं बाई, किडा!" सगळी मुलं खिदळली. युनिटही हसलं. त्या पोराने काडेपेटी मिटली आणि चड्डीच्या खिशात घातली. मी पुढच्या बाहुलीकडे वळले. टेक संपल्यावर सगळे म्हणाले, मस्त झाला.

जेवणाच्या सुट्टीत तो आईशेजारी बसून वरणभात चिवडत होता. मी जाऊन म्हटलं, मला दाखव ना. बराच वेळ दाखवेना. मग दाखवलं. सोनकिडा होता. मान हिरवी-निळी झगझगीत, पाठ तांबूस, खाली बाभळीचा पाला, आणि कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी चार अंडी. "काल रात्री घातली," तो म्हणाला. एवढंच सांगायचं होतं त्याला. त्या अख्ख्या वर्षात आमच्या कार्यक्रमात याहून चांगलं काही घडणार नव्हतं आणि ते मी एका किंचाळीत घालवलं. भाग लागला त्या दिवशी मी घरातला टीव्ही लावू दिला नाही.

तेव्हापासून माझ्या लेखी या कामाचं कसब एकच: प्रश्न विचारला की गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघ. समोर सात वर्षांचं मूल आहे, त्याने उत्तर दिलेलं नाही, दिवे तापलेत, कानातल्या टॉकबॅकवर दिग्दर्शक 'पुढे, पुढे' म्हणतोय, आणि तुला मनात एक, दोन, तीन, चार मोजायचे आहेत. चेहऱ्यावर ताण न आणता. तिसऱ्या आकड्याला आपल्या पोटात गोळा येतो. मुलं बहुतेक वेळा चौथ्याला बोलतात. आणि जे बोलतात ते कुठल्याही लेखकाला सुचत नाही. संकलकाला नको असेल तर तो चार सेकंद कापेल, ते त्याचं काम. तू आधीच कापू नकोस.

दुसरं म्हणजे ते "आवाज नाही आला!" कृपा करून आयुष्यात म्हणू नकोस. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीपासून मॉलच्या उद्घाटनापर्यंत प्रत्येक निवेदकाला वाटतं की मुलं ओरडली म्हणजे रमली. मुलं रमली की उलट गप्प होतात, तोंड उघडं टाकून बघत बसतात. बोबडं बोलणंही नको. तीन वर्षांच्या मुलालासुद्धा कळतं की ही बाई आपल्या आईशी असं बोलत नाही. आणि लेन्समध्ये बघून 'बालमित्रांनो' म्हणशील तर समोर गर्दी उभी राहील. तिथे एकच मूल आहे. मी लेन्सच्या खाली माझ्या भाचीचा पासपोर्ट फोटो चिकटपट्टीने लावायचे. कॅमेरामनदादा कुरकुर करायचे, पण लावू द्यायचे.

मुलांसमोर अभिनय कमी लागतो असंही तुझ्या बोलण्यात डोकावलं. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढलं, त्याआधी मुलांचं नाटक म्हणजे बहुतेक शाळेच्या स्नेहसंमेलनातला प्रकार. त्यांनी ते व्यावसायिक शिस्तीने उभं केलं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकरांनी चिंची चेटकीण केली, ती 'मुलंच तर आहेत' म्हणून केलेली नव्हती. कालिदास कलामंदिरात बालनाट्याचा प्रयोग असेल तेव्हा पुढच्या रांगेचं तिकीट काढ आणि रंगमंचाकडे पाठ करून मुलांच्या चेहऱ्यांकडे बघ. नट खोटं खेळायला लागला की पहिली चुळबूळ कुठल्या मिनिटाला होते ते कळेल. मी असं बरेचदा केलंय, आजूबाजूचे पालक विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

आता आपल्या गावातली एक गोष्ट. पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक तू शाळेच्या सहलीत बघितलं असशील, तिथल्या कारंज्यापलीकडे काही आठवत नसणार. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण केलाय त्यांच्या लेकीने, मंदाकिनीने. सातेक वर्षांची पोर. चित्रपटाच्या सुरुवातीला अजून कृष्ण नाहीच. नुसती ती मुलगी कॅमेऱ्यासमोर, एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवतेय, आणि मग तिचा कृष्ण होतो. यूट्यूबवर सापडेल, बघ. मूकपट, त्यामुळे कॅमेऱ्यामागून बाप काय सांगत होता ते ऐकू येत नाही. पण एक भाव ओसरून दुसरा येईपर्यंत कॅमेरा थांबलाय. फिल्म महाग, हाताने फिरवायचा कॅमेरा, आणि तरी थांबलाय. मी ती मिनिटं इतक्यांदा बघितलीत की आमच्या घरी त्यावरून थट्टा होते.

'चेहरा ओळखीचा होईल' हे खरं. पण ओळखीचा चेहरा पोट भरतोच असं नाही, कधी वाट अडवतो. मी एका मालिकेत सावकाराच्या बायकोसाठी ऑडिशन दिली होती, चांगली झाली होती. निवड करणारे गृहस्थ उठून म्हणाले, "तुम्ही त्या मुलांच्या ताई ना? आमच्या सोनूला फार आवडायचात." मी तिथेच समजले. सोनूच्या ताईला कोण सावकारीण करतो?

यावर उपाय एकच, दुसरं काम चालू ठेवणं. पल्लवी जोशी बघ. लहानपणापासून चित्रपटात, मग दूरदर्शनवर 'मिस्टर योगी', 'भारत एक खोज', पुढे 'आरोहण'. झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चं सूत्रसंचालन केलं तेव्हा, २००८-०९ मध्ये, पाठीशी एवढं काम होतं की त्या नुसत्या निवेदिका कधी झाल्याच नाहीत. आणि त्या पर्वात आळंदीच्या कार्तिकीपासून सगळी पोरं त्यांच्याशी कशी बोलायची, तेही आठव. घरच्यासारखी, पण लाडावलेली नव्हेत. तू स्पर्धेचं नाटक सोडू नकोस. साईखेडकर नाट्यगृहात तालमी असतील तेव्हा शूटच्या तारखा आधीच सांगून ठेव.

मालिका वाईट असं मी म्हणत नाही. रोजच्या मालिकेने मला बारा तास उभं राहायला शिकवलं, दुपारी हातात आलेले संवाद वीस मिनिटांत पाठ करायला शिकवलं. पण नणंदेच्या कामात पहिले तीन महिने नायिकेच्या मागे उभं राहून चेहरे करायचे असतात हे धरून चाल. आणि गुरुवार. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्या संध्याकाळी मेकअप रूममध्ये कुणी फारसं बोलत नाही. माझ्या एका मालिकेत गुरुवारी आकडे पडले, सोमवारी माझ्या पात्राला अमेरिकेला पाठवलं. ती अजून परत आलेली नाही.

पैशांचं पटकन सांगते. पैसे पर-डे ठरतात आणि साधारण ९० दिवसांनी हातात येतात, दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे पहिले तीन-चार महिने तू घरच्यांच्या पैशांवर जगणार आहेस, वडिलांना आजच सांग. रिटर्न भर, नाहीतर कापलेले पैसे विसर. एका निर्मात्याकडे माझे अकरा दिवसांचे पैसे राहिले ते राहिलेच. मी लेखी काही घेतलं नव्हतं, त्याला दोष कुणाला देऊ? खोली घेण्याआधी सेट कुठे आहे ते विचार. लोक उत्साहात अंधेरीत डिपॉझिट भरतात आणि सेट निघतो ठाण्याला घोडबंदर रोडवर. रोज पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन करीन म्हणालीस, तो नाद सोड. जाशील. येताना पॅकअप रात्री अकराला झालं तर कसारा घाट काय पायी चढणार?

करारात एक्सक्लुझिव्हिटीचं, म्हणजे दुसरीकडे काम करायचं नाही असं, कलम असेलच. त्यात नाटक आणि शिबिरं वगळून घे. आत्ता मागितलंस तर देतील, सही झाल्यावर फोन उचलणार नाहीत.

आणि हे तुझ्या करारात नसेल, पण तुला माहीत हवं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस ठेवायचा, आणि मुलाच्या मिळकतीतले किमान वीस टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. हे बघणं सूत्रसंचालिकेचं काम नाही, असं तुला तिथे सांगतील. कागद तुझ्या ताब्यात नसतीलही, पण मनगटावर घड्याळ असेल. सहावा तास लागला की मुलांची उत्तरं आधी लहान होतात, मग सगळ्यांची एकसारखी होतात. तेव्हा तू म्हणायचंस, माझा घसा बसलाय, दहा मिनिटं द्या. मी इतक्या वेळा घसा बसवलाय की एका प्रॉडक्शनवाल्याने मला ज्येष्ठमधाचा डबाच आणून दिला होता.

मुलांपेक्षा त्यांचे आई-बाबा जड जातात. कॅमेऱ्यामागे उभं राहून ओठ हलवून उत्तरं सांगतात आणि मूल तुझ्याकडे न बघता तुझ्या खांद्यावरून पलीकडे बघतं. त्यांच्यावर चिडू नकोस. धुळ्या-जळगावहून पहाटे निघालेली माणसं असतात, रजा टाकलेली असते, पोराने गप्प बसू नये एवढंच त्यांना हवं असतं. स्पॉटदादाला सांगून त्यांना चहाला पाठव. चहा दोनदा पाठवावा लागतो.

करार आला की सही करण्याआधी मला दाखव. आणि शनिवारी साडेचारला माझ्या मुलांच्या शिबिराला ये, लिहून काही आणू नकोस. सोळा मुलं आहेत. त्यातला एक तीन आठवडे झाले, अजून एक शब्द बोललेला नाही. रोज येतो मात्र वेळेवर. त्याला मी तुझ्याशेजारी बसवणार आहे.

तुझी,
ताई