कुंडीतलं जिवंत ख्रिसमस ट्री सणानंतर जमिनीत लावलं तर जगेल का?

जगतं, पण झाड मुळांसकट असलं पाहिजे आणि 7 ते 10 दिवसांपेक्षा जास्त घरात राहिलेलं नसावं. स्प्रूस, फर, पाइन ही झाडं थंडीत सुप्तावस्थेत असतात. घरातल्या उबेत ती जागी होतात, कळ्या फुगतात आणि बाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीत सगळ्यात आधी तेच कोवळे कोंब करपतात. म्हणून एकदम बाहेर नेऊ नका. आधी आठवडाभर हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये किंवा आडोशाच्या व्हरांड्यात ठेवा, माती ओलसर राहू द्या.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या (मुळं आणि त्यांना धरून असलेली माती) दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याच्या उंचीइतकाच. घोळ बहुतेक इथेच होतो: झाड खोल पुरलं की बुंधा कुजतो. खोड रुंदावून मुळांना मिळतं ती जागा जमिनीच्या पातळीला दिसलीच पाहिजे. गोळा गोणपाटात बांधलेला असेल तर तार, सुतळी आणि गोणपाटाचा वरचा भाग काढा. वेष्टण प्लास्टिकचं असेल तर सगळंच काढा. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं धारदार सुरीने उभी चिरून मोकळी करा. निघालेलीच माती परत भरा, खत आत्ता अजिबात नको. भरपूर पाणी द्या आणि वर 5 ते 8 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं दूर.

जमीन आधीच गोठली असेल तर लावण्याची घाई नको: कुंडी आडोशाला ठेवा, भोवती पाचोळा दाबा आणि वसंतात लावा.