सांडव्याखालचा कातळ का उखडतो?

प्रश्न : आमच्या धरणाच्या सांडव्याखाली काळा बेसाल्ट आहे. हातोडा मारला तर खणखणतो. तरी दर पावसाळ्यात मोठे तुकडे वाहून जातात. कसे?

खणखणतो तो एकेक तुकडा, अख्खा कातळ नव्हे. भेगांनी आधीच सुटे केलेले तुकडे पाणी फक्त उचलतं. सेकंदाला १० मीटर वेगाचं पाणी वर आलेल्या कडेवर आपटलं की तिथे ५ मीटर उंच पाण्याइतका दाब तयार होतो. तो भेगेतून पूर्ण तळाशी पोचला तर दर चौरस मीटरला ५ टनांचा रेटा वरच्या दिशेने बसतो. १ मीटर जाड बेसाल्टचं पाण्यातलं वजन जेमतेम १.९ टन! उरतो तो शेजारच्या तुकड्यांचा आधार. तोही खळबळाटाने सैल होतो, भेगेतली माती धुऊन जाते, बारीक खडे आत शिरून पाचरीसारखे अडकतात आणि हललेला तुकडा परत जागेवर बसत नाही. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो.

प्रश्न : निघोजचे रांजणखळगेही (नदीच्या कातळातले रांजणासारखे खोल खड्डे) असेच झाले का?

नाही. कुकडी नदीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ घासला. घासलेला खड्डा गोल, गुळगुळीत असतो; उखडलेल्या जागी सरळ कडा आणि पायऱ्या दिसतात.

प्रश्न : वरून काँक्रीट केलं की काम झालं?

नुसतं काँक्रीट म्हणजे माणसाने घातलेला आणखी एक सुटा तुकडा. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणावर ७ फेब्रुवारी २०१७ला तडे आणि सांध्यांतून पाणी सांडव्याच्या लादीखाली शिरलं, लादी उचलली गेली आणि खालचा झिजलेला खडक धुपत गेला. १२ तारखेला आपत्कालीन सांडव्याखालची धूप त्या सांडव्याच्या काँक्रीट बांधाकडे सरकू लागली, तेव्हा सुमारे १,८८,००० लोकांना हलवावं लागलं.

म्हणून सांधे पाणीबंद हवेत, लादीखाली निचरा हवा आणि लादी खडकाला अँकर सळ्यांनी (खडकात छिद्र पाडून रोवलेल्या पोलादी सळ्यांनी) बांधलेली हवी. २५ मिमी जाडीची, ४१५ दर्जाच्या पोलादाची सळई साधारण २० टनांना कायमची ताणली जाऊ लागते. पण छिद्रातला चुरा हवेने-पाण्याने साफ न करता ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरलं तर सळई त्याआधीच अख्खी उपसून येते. लांबीतही चूक होते. दोन लाव्हाथरांमध्ये ‘बोल’ नावाचा तांबडा, मऊ, मातीसारखा पट्टा असतो; तो धुपला की वरचा थर अधांतरी राहतो. सळई वरच्याच थरात संपली असेल तर थर सळईसकट जातो. बोल ओलांडून खालच्या घट्ट खडकात पुरेशी लांबी गेल्याशिवाय तिचा उपयोग नाही, त्यामुळे आधी बोअर घेऊन बोल किती खोलीवर आहे ते पाहा.