गांधीलमाशीच्या भीतीने मुलाला घरात कोंडायचं का?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात गांधीलमाशी चावली. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली. वेळेत दवाखाना गाठला म्हणून निभावलं. आता त्याला बाहेर सोडायचा धीर होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे, पण त्याला कोंडू नका. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि अशा पालकांना आधी एकच विचारतो : अॅड्रेनलिनचं इंजेक्शन-पेन (तीव्र अॅलर्जीत जीव वाचवणारं, घरच्यांनाही टोचता येणारं तयार इंजेक्शन) आत्ता कुठे आहे? ‘कपाटात’ हे उत्तर ऐकलं की मला काळजी वाटते. मुलगा जिथे, पेन तिथे, शक्यतो दोन. 15 ते 30 किलो वजनाला साधारणपणे 0.15 मिलिग्रॅमचं पेन देतात, तुमच्या डॉक्टरांकडून ते ठरवून घ्या. फ्रीजमध्ये किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका.

पुन्हा तशी लक्षणं दिसली तर थांबू नका. अॅलर्जीची गोळी खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही टोचता येतं. मग त्याला आडवं करा (धाप लागली असेल तर बसवा) आणि रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत उतार नाही? दुसरं पेन. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्याच. काही तासांनी त्रास उलटू शकतो.

बाहेर जाताना बूट घाला, गोड पेय झाकून ठेवा. आणि अॅलर्जीतज्ज्ञांना विषाच्या इम्युनोथेरपीबद्दल (गांधीलमाशीच्या विषाचे अगदी थोडे, हळूहळू वाढवलेले डोस देऊन शरीराला त्याची सवय लावणारा उपचार) जरूर विचारा. तीन ते पाच वर्षं चालते, पण बहुतेकांना पुढच्या डंखापासून उत्तम संरक्षण मिळतं.