आधी उलटं करून बघ

पोरी,

अकरा फोटो पाठवलेस आणि अकराही सुलट्या बाजूचे. खणाचं जाकीट, इरकलीचा पदर, कशिद्याची पिशवी, सगळं दुकानाच्या काचेतनं बघितल्यासारखं. आणि खाली तीन प्रश्न: खणाचा ट्रेंड चालतोय तोवर कपड्यांचं स्वतःचं लेबल काढू का, आधी बंगळूरला कोर्स करू का, की हे सगळं सोडून नोकरी धरू? तुझी घालमेल कळते गं. पण तिन्हीची उत्तरं या पत्रात नाहीत. कापड आधी उलटं करून बघ, मग विचार.

इरकलीपासून सुरू कर. खऱ्या इरकलीच्या अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा आणि पदराचा वेगळा. अंगाच्या उभ्या धाग्यांचे फास आणि पदराच्या लाल धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून जोड घेतात. त्याला तिकडं, कर्नाटकात इलकलला, जिथली ही इरकल, तोपे तेनी म्हणतात. लुगडं उलटं टाक आणि जिथं अंग संपून पदर लागतो तिथं भिंग धर. उभा धागा त्या रेषेवर रंग बदलतो का? बदलत असेल तर जोड आहे. तोच धागा सरळ पदरात शिरत असेल, तर पदर नुसता आडव्या धाग्यानं लाल केलाय, आणि म्हणून तो लालही मळकट दिसतो, कारण खालून अंगाचा रंग डोकावतो. आणि उलट बाजू फिक्की, पांढरट असेल तर ती छपाई. त्यावर वेळ घालवू नकोस.

हा जोड कळला की धंद्याचंही एक गणित कळतं. लुगड्यागणिक जोड आला, म्हणजे मागावर लांबच लांब ताणा चढवून एकसारखा माल काढता येत नाही. "चाळीस नग, एकच रंग, पंधरा दिवसांत" अशी ऑर्डर घेऊन इलकलला गेलीस तर विणकर मान हलवतील आणि तुझ्या हातात यंत्रमागाचा माल पडेल. त्यात त्यांची लबाडी नाही, तुझी मागणीच तशी. तिथं पदराला सेरगु म्हणतात. तेवढं कन्नड बोलून प्रश्न कानडीतच विचार. आपल्या बेळगाव भागातल्या पोरांना ते अवघड नाही, उगाच लाजतात.

आता खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डाचा खण म्हणून जे विकलं जातं त्यात हातमागाचं किती, हे दुकानदाराला विचारून कळत नाही. खणाची नक्षी जादा उभ्या धाग्यांनी उठवतात. नक्षी नसते तिथं ते धागे मागच्या बाजूला मोकळे पडून राहतात. उलटं केलंस की ते बोटाला लागतात. पण थांब, यंत्रमागाच्या खणालाही असे धागे असतात, तेव्हा ही खूण फक्त विणलेलं आणि छापलेलं यातला फरक सांगते. काठावरची टोचल्याची भोकं बघून हातमाग म्हणतात, त्यावरही भरवसा नको, यंत्रमागालाही पन्हा ताणून धरणारा टेंपल असतो आणि तोही टोचतो. हातमाग म्हणून विकायचं असेल तर मागापर्यंत जा, नाहीतर "यंत्रमाग" असं स्पष्ट लिही. आपल्या बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरचा यंत्रमाग हे काही पाप नाही. त्याला हातमाग म्हणून 7 ऑगस्टला, हातमाग दिनाला, रील टाकणं हे पाप.

तुझ्या जाकिटाचा फोटो बघून मला राग आला, तो सांगून टाकते. आत अस्तर नाही. ते मोकळे धागे बांगडीत अडकणार, घड्याळात अडकणार, आणि दोन महिन्यांत समोरची नक्षी आवळली जाणार. लोक म्हणतील खण वाईट. खण वाईट नव्हता, मागं काय आहे ते तू बघितलंच नाहीस.

कापायच्या आधी 25 सेंटिमीटरचा चौकोन काप, अर्धा तास साध्या पाण्यात भिजव, सावलीत वाळव, इस्त्री करून परत माप. 24 भरला तर 4 टक्के गेलं, म्हणजे 60 सेंटिमीटर उंचीच्या जाकिटात जवळजवळ अडीच सेंटिमीटर. अस्तराचाही असाच चौकोन कर, कारण खण आणि अस्तर वेगवेगळं आटलं की खालच्या पट्टीला चुण्या पडतात आणि त्या कुठल्याच इस्त्रीनं जात नाहीत. अस्तराला पाठीच्या मध्यावर 2 सेंटिमीटरची चुणी घाल, खांदा हलताना शिवण ओढत नाही. शिवणीला माया दीड सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि कापल्या कापल्या कडा ओव्हरलॉक कर; उद्या करू म्हणालीस तर सकाळी झालर झालेली असेल. पन्हा अरुंद असतो, म्हणून बाही आडवी बसवायचा मोह होतो. तो आवर. नक्षी आडवी गेली की लांबूनसुद्धा चूक दिसते.

रंगाचंही बघ. ओला पांढरा रुमाल लाल भागावर दहादा घास. रुमाल गुलाबी झाला तर पांढऱ्या नक्षीशेजारी तो लाल ठेवू नकोस. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो हे सगळ्या घरांत सांगतात. होत नाही.

धागा कसला ते ओळखायचं तर उभा आणि आडवा, दोन्ही वेगवेगळे काढ. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळ. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरा होणारी काळी गुठळी म्हणजे रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत, किंवा चमका, म्हणजे व्हिस्कोस, आणि इथंच माणसं फसतात. मग दुसरा धागा मध्यावर ओला कर आणि ओढ. व्हिस्कोस ओल्या जागी पटकन तुटतो, सूत ओलं झालं की उलट चिवट होतं. हल्ली इरकलीच्या पदरात रेशमाऐवजी चमका सर्रास असतो. असू दे. पण चिठ्ठीवर "सिल्क" छापलंस तर तुझ्या घरी येऊन ती चिठ्ठी फाडीन.

आणि ती कशिद्याची पिशवी! उलटी केलीस का? मागं एकच पांढरा दोरा सगळीकडं, शिवाय कागदी अस्तराचे तुकडे, म्हणजे मशीन. धारवाडकडच्या बायकांच्या हातच्या कशिद्यात, म्हणजे कसूतीत, गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. नेगी आणि मेंथी दिसत नाहीत, तेव्हा तिथं फसू नकोस. गाठ मात्र कुठंच नसते. कापडावर आखून घेत नाहीत, धागे मोजतात. गवंतीत जाताना एक सोडून एक टाका घालत जायचं आणि येताना राहिलेल्या फटी भरत त्याच जागी परत यायचं. समज, चार धाग्यांचा टाका धरलास आणि गोपुराच्या नक्षीत तिसऱ्या पायरीवर चुकून पाच घेतलेस. लगेच काही कळत नाही. शेवटच्या कोपऱ्यात रेषा जुळत नाही तेव्हा कळतं, आणि तिथपर्यंत सगळं उसवावं लागतं. एक गोपूर स्वतः घाल. मग त्या बायकांशी भावाची घासाघीस करायला तुझी जीभच उचलणार नाही.

लोक म्हणतात, एवढं खोदत बसलीस तर ट्रेंड निघून जाईल. मलाही चिकट म्हणतात, खडेबाजारातले दुकानदार तर तोंडावर. घडी मोडून उलटं केल्याशिवाय मी घेत नाही, म्हणून. जाऊ दे तो ट्रेंड! गेल्यावर तुझ्या हातात काय उरेल ते मला विचार. उशिरा आलेली अक्कल आहे, म्हणून जोरात बोलते.

फोटोंचं थोडं. फोनमध्ये लाल रंग फुटतो, सगळा पदर एक सपाट डाग होतो. उजेड थोडा कमी कर आणि शेजारी पांढरा कागद ठेवून रंग जुळव. बारीक चौकड्यांवर लाटा उठल्यासारख्या दिसतात, तो कापडाचा दोष नाही. फोन जरा मागं घे किंवा कोन बदल. वीण दाखवायची तर उजेड समोरून नको, दारातून तिरका येऊ दे. आपल्याकडं पावसाळ्यात दिवसभर जो करडा, मऊ उजेड असतो ना, त्याच्यासारखा उजेड स्टुडिओत भाड्यानं मिळत नाही. रीलवर चालतं गाणं लावण्यापेक्षा मागाचा खटका रेकॉर्ड कर, फोन मागाच्या लाकडाला टेकवू नकोस, नुसता धडधडाट येतो.

आता त्या जाकिटाची डावी बगल उसव, आतली शिवण बाहेर काढ आणि तिरक्या उजेडात बारावा फोटो पाठव. सोबत त्या चौकोनाची मापं, धुण्याआधीची आणि नंतरची.

तुझी,
काकू