वाचकांचे प्रश्न : पोटातले जंत आणि अंगणातली माती

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या गावात राहतो. मागच्या आठवड्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या शौचातून गांडुळासारखा, वीतभर लांबीचा पांढरट जंत पडला. सहा महिन्यांपूर्वी अंगणवाडीत त्याला जंताची गोळी दिली होती. घरात शौचालय आहे आणि पाणीही आम्ही गाळून पितो. गुऱ्हाळावर जाऊन गूळ-काकवी खातो म्हणून जंत होतात, असे सासूबाईंचे म्हणणे असल्याने त्याचे गोड बंद केले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : जंतांसाठी म्हणून मुलाचा गूळ बंद करण्याचे काही कारण नाही. गोडामुळे जंत होतात ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. परंतु जंत जंताच्या अंड्यातूनच होतो आणि हे अंडे माणसाच्या विष्ठेतून मातीत व मातीतून तोंडात जाते. गुऱ्हाळावर काळजी करायचीच असेल, तर काहिलीत उकळणाऱ्या रसाची नको, ज्या मातकट हातांनी मूल तो गूळ खाते त्या हातांची करावी.

तुमच्या मुलाला झालेला गांडुळासारखा जंत म्हणजे गोल जंत. त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. शौचातून बाहेर पडलेले ताजे अंडे लगेच बाधत नाही. उबदार, ओलसर आणि सावलीच्या मातीत ते साधारण दोन ते तीन आठवड्यांत तयार होते आणि परिस्थिती अनुकूल असेल तर कित्येक वर्षे टिकते. कडक ऊन आणि कोरडेपणा त्याला मानवत नाही, पण उसाच्या दाट सावलीतली भिजलेली जमीन चांगलीच मानवते. आपल्या शौचालयामुळे आपल्या घरचा मैला मातीत जात नाही, हे मोलाचे आहेच. मात्र मूल ज्या मातीत खेळते ती साऱ्या गावाची असते. कोणी उसाच्या आडोशाला बसत असेल, एखाद्या घरचा शोषखड्डा भरून वाहत असेल किंवा २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात मैला पाण्याबरोबर अंगणात व रानात पसरला असेल, तर एका घराची स्वच्छता पुरी पडत नाही. तान्ह्या मुलांची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकली जाते, हे तर मला सर्वांत जास्त खटकते, कारण जंत लहान मुलांतच अधिक आढळतात. ती शौचालयातच टाकावी.

भाकरीबरोबर कच्ची मेथी आणि कांद्याची पात खाण्याची आपली सवय उत्तम आहे. परंतु या अंड्यांचे कवच चिकट असते आणि मेथीच्या मुळाशी चिकटलेला चिखल आपण पाहिलाच असेल. मुळे कापून टाकून, पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरतील असे धरून चालू नये. पाण्याचेही तसेच आहे : फडक्याने गाळण्यावर विसंबता येत नाही, क्लोरीनच्या थेंबांनीही ही अंडी मरत नाहीत, पाणी उकळणे हाच खात्रीचा उपाय. मुलाची नखे दर आठवड्याला कापावीत आणि जेवणापूर्वी व शौचानंतर हात साबणाने धुवावेत. तो माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल, तर ते रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते, म्हणून डॉक्टरांकडून रक्तातील हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

आता गोळीविषयी. ती निकामी होती असे समजू नका. तिच्यातील आल्बेंडाझोल हे औषध आतड्यातल्या जंतांवर काम करते, पुढच्या लागणीपासून संरक्षण देत नाही. नवे अंडे पोटात गेले की त्यातील अळी यकृतातून फुप्फुसांत जाते, घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. या साऱ्या प्रवासाला दोन ते तीन महिने लागतात. सहा महिन्यांत पुन्हा जंत पडला यात नवल नाही. म्हणूनच राष्ट्रीय जंतनाशक दिन साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट असा वर्षातून दोनदा पाळून १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी देतात. सध्याच्या जंतासाठी मात्र त्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील आणि शौच किंवा वारा सरत नसेल, तर जंतांच्या गाठोड्याने आतडे अडल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी औषध न देता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : जंत झालेल्या भावंडाच्या ताटात जेवल्याने जंत होतात का?

उत्तर : गोल जंत तसे होत नाहीत, कारण अंडे आधी मातीत तयार व्हावे लागते. परंतु दोघेही एकाच अंगणात खेळत असल्याने दुसऱ्यालाही डॉक्टरांना दाखवावे.